रिपोर्ट चांगला, झोप उडालेली: तळपायाच्या मेलानोमानंतरच्या काळजीचं एक प्रकरण

रुग्ण ५२ वर्षांच्या बाई, बडोद्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या. घरीच ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करतात. यजमान निवृत्त, मुलीचं लग्न माघात ठरलेलं. उजव्या तळपायाच्या कमानीजवळचा काळसर डाग काढला, तो मेलानोमा, म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर, निघाला. पण अगदी सुरुवातीचा. शस्त्रक्रिया नीट झाली, जखम भरली. तीन महिन्यांनी त्यांनी सर्जनना विचारलं, "आजार गेला म्हणता, मग रात्री दोनला जाग का येते मला?" पुढचं सगळं या प्रश्नाबद्दल आहे. हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही, दाखल्यासाठी बांधलेलं आहे. वैद्यकीय तपशील मात्र प्रत्यक्ष उपचारात असतात तेच ठेवले आहेत.

आजार नेमका काय होता

मेलानोमा म्हटलं की गोरी कातडी आणि ऊन डोळ्यांपुढे येतं. आपल्याकडे तो एकूणच कमी दिसतो, आणि दिसतो तेव्हा बरेचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली. या प्रकाराला ॲक्रल मेलानोमा म्हणतात. उन्हाशी त्याचा संबंध फारसा नाही. या बाईंचा डाग वर्षभर घरात सगळ्यांनी पाहिलेला होता. कुणी मेंदीचा राहिलेला रंग म्हटलं, कुणी चप्पल लागली म्हटलं. डाग ९ मिलीमीटरचा, कडा वेड्यावाकड्या, रंग कुठे फिका तपकिरी तर कुठे काळा. त्वचारोगतज्ज्ञांनी डर्मोस्कोपमधून, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगातून, पाहिलं तर रंग तळव्यावरच्या रेषांच्या उंचवट्यांवर पसरलेला होता. साध्या तिळाचा रंग बहुधा रेषांमधल्या खाचांत बसतो. उंचवट्यावर रंग दिसला की डॉक्टर थांबत नाहीत.

आधी दोन मिलीमीटर कड ठेवून संपूर्ण डाग काढला आणि तपासायला पाठवला. रिपोर्टात ब्रेस्लो जाडी, म्हणजे आजार कातडीत किती खोल गेला त्याचं माप, ०.४ मिलीमीटर, व्रण (उघडी जखम) नाही. म्हणजे टी१ए, अवस्था १ए, अगदी सुरुवातीची. मग ठरल्याप्रमाणे चारी बाजूंनी १ सेंटिमीटर निरोगी कातडी काढून मोठी शस्त्रक्रिया. जागा जवळजवळ ३ सेंटिमीटर रुंद झाली, म्हणून मांडीची पातळ कातडी तिथे लावली. वरून दाबून बांधलेलं ड्रेसिंग आठवडाभर, पाय न टेकवणं तीन आठवडे. मशीनची मोटर डाव्या पायानं चालवायला त्या शिकल्या. शिवण थोडी वाकडी जायची, पण काम थांबलं नाही.

इथपर्यंत सगळं ठीक. पुढे केमो नाही, रेडिएशन नाही, सहा महिन्यांनी दाखवायला या, एवढंच सांगितलं. डॉक्टरांच्या दृष्टीनं ही आनंदाची बातमी. घरच्यांच्या दृष्टीनं मात्र 'कॅन्सर आहे आणि औषधच दिलं नाही'. काळजी इथूनच शिरली.

काळजीचं रूप

सर्जननी त्यांना क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. पहिल्या भेटीत त्यांना आठवडाभर एक वही ठेवायला सांगितली. पाय पाहिला की एक रेघ, जांघेत हात लावून गाठ चाचपली की एक फुली, कुणाला 'बघा ना, वाढलंय का' विचारलं की एक गोल. मनात किती वेळा विचार आला ते लिहायचं नाही, फक्त कृती मोजायची. विचार मोजायला लावले तर ते वाढतात आणि माणूस थकतो. कृती मोजता येते आणि कमीही करता येते.

आठवड्याअखेर सरासरी निघाली दिवसाला २३ रेघा, ९ फुल्या, ६ गोल. बाईंचा स्वतःचा अंदाज 'चार-पाचदा बघत असेन' असा होता. रेघा कुठे पडल्या तेही पाहण्यासारखं होतं. सर्वांत जास्त शिवणाच्या मशीनपाशी. टेप हाताशीच, सुया लावायची लोहचुंबकाची डबी हाताशी, दिव्याचा झोत हाताशी. पाय उचलून मांडीवर घ्यायचा, इंचटेप लावायची, कातडी लावलेल्या जागेची रुंदी बघायची, आणि खडूनं कापडाच्या कडेला आकडा टिपायचा. आता कापडी टेप दोन-तीन मिलीमीटर सहज सरकते, आणि पाय टेकवून उठल्यावर तळवा थोडा सुजलेला असतोच. सकाळी २९, संध्याकाळी ३१. या दोन मिलीमीटरनी कित्येक रात्री खाल्ल्या.

जांघेची गोष्ट अशीच. पायात लहानसहान जखमा होत असतात, अनवाणी चालणं असतं, त्यामुळे आपल्याकडे जांघेत मऊ, हलणाऱ्या, शेंगदाण्याएवढ्या गाठी निरोगी माणसालाही लागतात. त्या दिवसातून नऊ वेळा दाबल्या की दुखू लागतात. दुखलं की पुन्हा दाबून बघायचं. या चक्रात आजाराचा काही हात नसतो, बोटांचाच असतो.

जीएडी-७ ही सात प्रश्नांची काळजी मोजणारी यादी आहे, गुण ० ते २१. दहाच्या वर गेलं की नीट लक्ष घालावं, पंधराच्या वर तीव्र. बाईंचे गुण १६ आले. झोप साडेचार तास. रात्री छातीत धडधड, घाम. यावर लगेच 'कॅन्सरची भीती' असा शिक्का न मारता थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासलं, पाळीबद्दल विचारलं. पाळी आठ महिन्यांपासून अनियमित होती. घाम आणि धडधड यांतला बराच भाग रजोनिवृत्तीचा होता. हे कुणी न सांगितल्यानं बाईंनी तो 'आजार आत पसरतोय' या खात्यात जमा केलेला. या वयाच्या बाईच्या काळजीबद्दल बोलताना पाळीचा प्रश्न विचारायचा राहून जातो, आणि तो राहू नये.

रिपोर्ट पुन्हा वाचणं

दुसरी भेट सर्जनच्या खोलीत, तिघांनी मिळून, पंचवीस मिनिटं. रिपोर्टाची झेरॉक्स समोर. ज्या शब्दांनी झोप उडवली होती ते बाईंनी आधीच पेन्सिलनं अधोरेखित करून आणायचे, असं ठरलं होतं. त्यातून चार मुद्दे निघाले.

पहिला 'इन्व्हेजिव्ह'. घरी त्याचा अर्थ 'आत घुसलेला, पसरलेला' असा लावला होता. सर्जननी झेरॉक्सचे चार कागद एकावर एक ठेवून हातात दिले. ०.४ मिलीमीटर म्हणजे साधारण एवढी जाडी, आणि ती मोजतात कातडीच्या दाणेदार थरापासून. तळपायाची वरची निबर कातडी त्यात धरतच नाहीत.

दुसरं, 'सेंटिनेल नोडची तपासणी केली नाही'. सेंटिनेल नोड म्हणजे आजार पसरलाच तर तो सर्वांत आधी जिथे पोचतो ती गाठ. पुण्याच्या भाच्यानं व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं की मेलानोमात ही तपासणी हवीच. ती तपासणी विचारात घेतात ०.८ मिलीमीटरपासून पुढे, किंवा डाग पातळ असूनही त्यावर व्रण असेल तर. त्याखाली गाठीत आजार सापडण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असते, आणि तपासणीनं पायाला कायमची सूज येऊ शकते. विसरली नव्हती, ठरवून केली नव्हती.

तिसरा मुद्दा पेट (PET) स्कॅनचा, म्हणजे अंगभर आजार शोधणाऱ्या स्कॅनचा. 'एकदा करून टाका, मन शांत होईल,' असं दीर म्हणत होते. लक्षणं नसलेल्या १ए अवस्थेत स्कॅन करत नाहीत, कारण सूक्ष्म आजार त्यात दिसत नाही आणि नसलेला दिसतो. जुना क्षय, पायाला झालेला संसर्ग, जांघेतली साधी गाठ, हे सगळं स्कॅनवर उजळतं. मग त्या उजळलेल्या ठिपक्याची सुईनं तपासणी, तिच्या रिपोर्टाची वाट, आणि तोवर चार आठवडे जागरण. मन शांत करायला केलेला स्कॅन मन शांत करत नाही, हे सर्जननी स्पष्ट सांगितलं. बडोद्यात स्कॅन सहज मिळतो, पैसेही घरात होते, म्हणून तर हे सांगणं जास्त गरजेचं होतं.

चौथा आकडा. या अवस्थेतल्या शंभर रुग्णांपैकी दहा वर्षांत या आजारानं न दगावणारे साधारण ९८, असं मोठ्या आंतरराष्ट्रीय नोंदी सांगतात. त्या नोंदी बहुतांश गोऱ्या लोकांच्या, आणि तळपायाच्या प्रकारात आकडे थोडे कमी येतात, हेही सर्जननी लपवलं नाही. बाई म्हणाल्या, "ते दोघं कोण?"

या प्रश्नाला उत्तर नाही, आणि डॉक्टरांनी ते बनवूही नये. 'तुम्ही त्यात नाही' म्हटलं तर संध्याकाळपर्यंत टिकतं. 'कुणाला माहीत' म्हणून हात वर केले तर तेवढंही टिकत नाही. सर्जन म्हणाले, "कोण ते आज कुणालाच कळत नाही. पण त्यांच्यात पुन्हा काही आलं तर बहुतेक वेळा ते कातडीवर किंवा जांघेत येतं, म्हणजे हाताला आणि डोळ्याला सापडतं. त्यासाठी महिन्यातून एकदा पाहायचं. दिवसातून तेवीसदा पाहून ते लवकर सापडत नाही, उलट रोज बघणाऱ्याला हळूहळू होणारा बदल कळत नाही." हे शेवटचं वाक्य बाईंनी वहीत लिहून घेतलं. कापड रोज धुतलं की रंग गेलेला लक्षात येत नाही, हे शिवणाऱ्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही.

भाच्यानं जमैकाचा गायक बॉब मार्ले याच्याबद्दलही पाठवलं होतं. पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचा हाच प्रकार, १९७७ साली निदान, १९८१ मध्ये ३६व्या वर्षी मृत्यू. अंगठा काढायला त्यानं नकार दिला होता आणि पुढे आजार फुप्फुसात, मेंदूत गेला. बाईंचा डाग संपूर्ण निघालेला होता. भाच्याला बहिणीमार्फत निरोप गेला की लिंक पाठवू नकोस, रविवारी फोन कर.

महिन्यातून एकदा, म्हणजे कसं

'कमी बघा' हा सल्ला कुणाच्याच कामाचा नाही. नेमकी पद्धत द्यावी लागते.

दिवस कोणता यावर बरीच चर्चा झाली. बाईंना संकष्टी हवी होती, महिन्यातून एकदाच येते, विसरायला होत नाही. सायकॉलॉजिस्टनी नको म्हटलं. उपासाच्या दिवशी काही दिसलं तर ते देवाचं सांगणं वाटेल, आणि काही न दिसणं हाही कौल होऊन बसेल. शनिवार-रविवारही नको, कारण काही आढळलं तर सोमवारपर्यंत दवाखाना बंद आणि ते दोन दिवस फार वाईट जातात. ठरला महिन्याचा पहिला मंगळवार, सकाळी अकरा. त्वचेची ओपीडी बुधवारी असते.

अंघोळीनंतर, पाय कोरडे करून, नेलपॉलिश काढून, खिडकीच्या उजेडात. खुर्चीवर बसून दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या, वीसही नखं, तळहात. मग तोंडाच्या आतली बाजू, आणि हातआरशानं गुप्तांग, कारण तिथेही हा आजार होऊ शकतो आणि लाजेनं राहून जातो. पाठ आणि डोक्याची कातडी यजमानांनी पाहायची, कंगव्यानं भांग पाडत पाडत. कातडी लावलेल्या जागेचा एकच फोटो, त्याच अंतरावरून, शेजारी प्लास्टिकची मोजपट्टी ठेवून. कापडी टेप बाद. जांघेत तीन बोटं सपाट ठेवून गोल फिरवायची, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिनिट, चिमटीत धरायचं नाही. सगळं मिळून पंधरा मिनिटं. विसाव्या मिनिटाला वही बंद.

काय दिसलं तर काय, हे शांतपणी आधीच लिहून ठेवायचं. रात्री दोनला निर्णय घ्यायला लागू नये म्हणून. कागद मशीनच्या खणात ठेवला. त्यावर लिहिलं होतं: नवा काळा ठिपका किंवा काठाला नवा रंग दिसला तर फोटो, तारीख, आणि चौदाव्या दिवशी पुन्हा पाहणं. गेला नसेल तर वेळ घेणं. कारण नसताना रक्त आलं, झपाट्यानं वाढलं, किंवा जांघेत कडक, न दुखणारी, न हलणारी गाठ लागली तर चौदा दिवस थांबायचं नाही, त्याच आठवड्यात दाखवायचं.

कातडी लावलेल्या जागेबद्दल एक गोष्ट आधी सांगितली नाही तर घोटाळा होतो. मांडीची पातळ कातडी तळव्यावर लावली की गव्हाळ-सावळ्या माणसात ती पुढचे महिने काळवंडत जाते. सबंध तुकडा सारखा काळवंडतो, हे अपेक्षित. काठावर एकाच ठिकाणी ठिपका किंवा रेघ उमटली तर ती वेगळी. या बाईंना हे चौथ्या महिन्यात कळलं, तोवर सगळा तुकडाच त्यांना आजार वाटत होता.

तेवीसवरून एकदम महिन्यातून एकवर कुणी येत नाही. पहिल्या आठवड्यात सकाळ-रात्र दोनदा, मग दिवसातून एकदा, मग सोमवार-गुरुवार, मग आठवड्यातून एकदा, आणि नवव्या आठवड्यापासून मंगळवार. मशीनपाशी मोजा घालून बसायचं, ही युक्ती त्यांचीच. मोजा काढायचे ते दहा सेकंद पुरतात थांबायला. प्रत्येक पायरीवर पहिले तीन दिवस अस्वस्थता वाढते, हे सांगून ठेवलं होतं. सांगितलं नसतं तर तिसऱ्या दिवशी त्यांनी 'मला हे जमत नाही' म्हणून सोडलं असतं.

इथे एक उलट जातीचा रुग्णही असतो, जो भीतीनं पायाकडे बघतच नाही. त्याला हाच कागद द्यायचा, पण शिडी उलटी चढवायची. दोघांना एकच 'काळजी करू नका' सांगणं म्हणजे एकालाही काही न सांगणं.

रात्रीचे दोन

काळजीसाठी वेळ ठरवून दिली: संध्याकाळी साडेपाच ते पाच-पन्नास, गॅलरीतली खुर्ची, वही. त्या वेळात मनसोक्त काळजी करायची, लिहून. दिवसभरात विचार आला की वहीत दोन शब्द आणि 'साडेपाच' असं लिहून काम पुढे. ही पद्धत जुनी आहे, १९८० च्या दशकापासून वापरात. चुकते दोन ठिकाणी. लोक ती वेळ झोपण्याआधी ठेवतात, मग तेच विचार उशाला घेऊन निजतात. किंवा साडेपाचला मन शांत असलं की 'आज गरज नाही' म्हणून वगळतात, आणि मग दुपारच्या विचाराला पुढे ढकलायला जागाच उरत नाही. शांत असलं तरी बसायचं, पाच मिनिटं का होईना.

जाग आल्यावर वीस मिनिटांत झोप न लागल्यास उठून बाहेरच्या खोलीत, मंद दिव्यात, काहीतरी कंटाळवाणं हातकाम. त्यांनी हुक-काज निवडलं. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. रात्री दोनला शोधलेल्या कुठल्याही गोष्टीनं आजवर कुणाला झोप लागलेली नाही.

लक्ष फिरवण्याचा सराव रोज दहा मिनिटं: पंखा, रस्त्यावरची रिक्षा, शेजारचा कुकर, स्वतःच्या बांगड्या, असे आवाज एकेक धरायचे, मग भराभर एकावरून दुसऱ्यावर जायचं, शेवटी सगळे एकदम. सराव काळजी नसताना करायचा. काळजी आली की ती घालवायला म्हणून केला तर तोही एक पळ काढण्याचा मार्ग होतो. कॅन्सर परतण्याच्या भीतीवर ऑस्ट्रेलियात पाच भेटींचा एक कार्यक्रम याच धर्तीवर तयार झाला, २०१७ मध्ये त्याचे निकाल आले. स्तन, आतडं आणि मेलानोमा यांतून बाहेर पडलेल्या लोकांमध्ये नुसत्या शिथिलीकरणापेक्षा तो जास्त उपयोगी ठरला.

औषधाचा भाग

या सगळ्याआधी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून कुणीतरी झोपेची गोळी आणून दिली होती, अल्प्राझोलाम, चिठ्ठीशिवाय. तीन आठवडे रोज. रात्र जायची, पण दुसऱ्या दिवशी दुपारी हुरहुर दुप्पट. मानसोपचारतज्ज्ञांनी ती हळूहळू कमी करून बंद केली, एकदम बंद करायची नसते, आणि एस्सिटॅलोप्राम हे काळजी कमी करणारं रोजचं औषध सुरू केलं. पहिला आठवडा ५ मिलीग्रॅम, मग १०. गुण सोळा, झोप साडेचार तास, आणि हातात भेटींचा आधार सुरू, तेव्हा औषध देणं योग्यच होतं. 'मनाचं औषध' म्हणून लोक उगीच टाळतात.

सांगायचं राहिलं की फसतं ते हे: पहिले आठ-दहा दिवस या औषधानं मळमळ होते आणि अस्वस्थता थोडी वाढते. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. बाईंना चौथ्या दिवशी मळमळ झाली आणि 'पोटात पसरला' असं त्यांनी ठरवून टाकलं. तज्ज्ञांनी आधी कागदावर लिहून दिलेलं होतं म्हणून यजमानांनी तो कागद पुढे केला आणि तो दिवस निभावला.

घरातले

दिवसाला सहा गोल, म्हणजे सहा वेळा विचारणं, 'अहो, बघा ना'. यजमान चष्मा लावून बघायचे आणि म्हणायचे, "काही नाही गं, तसंच आहे." प्रेमानंच. पण या वाक्याचा असर दहा मिनिटं राहायचा, पुढच्या वेळी आठ, मग पाच. त्यांना पर्यायी वाक्य शिकवलं: "मंगळवारी बघू. चल, चहा टाकतो." शिकवावं लागलं, कारण पहिल्यांदा त्यांना ते निर्दयपणाचं वाटलं. बाईंच्या समोरच ठरवलं, त्यांच्या संमतीनं. पाठीमागे ठरवलं असतं तर 'हेही काहीतरी लपवताहेत' झालं असतं.

वन्संनी पावागडच्या कालिकामातेला नवस बोलला होता, वहिनी बरी झाली की अनवाणी चढून येईल. लावलेल्या कातडीला संवेदना फार कमी असते. खडा रुतला, कापलं तर कळत नाही, आणि तिथे बरी न होणारी जखम झाली तर ती पुन्हा तपासायला लागते. नवस मोडायचा म्हटलं तर काळजीत भर. सायकॉलॉजिस्टनी त्यात पडायचं नाही ठरवलं, सर्जननी फक्त पायाचं सांगितलं. बाईंनी आपणच मार्ग काढला. रोपवेनं वर गेल्या, मोजे घालून दर्शन घेतलं. वन्सं थोड्या कुरकुरल्या. पुढच्या आठवड्यात स्वतःच दुप्पट प्रसाद घेऊन आल्या.

मुलीच्या मनात वेगळंच होतं: मलाही होईल का? घरात एकालाच, या वयात, तळव्याला झालेल्या मेलानोमासाठी साधारणतः जनुक तपासणीची गरज पडत नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडून एकदा अंगभर पाहून घे, तळवे-नखं बघायची सवय ठेव, इतकं पुरे. हा प्रश्न मुलीनं आईसमोर विचारला नव्हता, वेगळी दहा मिनिटं दिली तेव्हा विचारला. मुलाकडच्यांना सांगायचं का, यावर घरात दोन मतं होती. मुलीनंच सांगितलं. तिकडून फक्त 'पाय कसा आहे' एवढी विचारणा आली.

उन्हाच्या भीतीनं बाईंनी सकाळचं कमाटीबागेत जाणं बंद केलं होतं. तळव्याच्या आजाराला ते लागू नाही, हे कळल्यावर जाणं पुन्हा सुरू झालं, बंद चपलेऐवजी मऊ तळाच्या बुटांत. चालण्यानं झोप अर्धा-पाऊण तास वाढली. काळजीच्या उपचारात हे दुय्यम समजतात, आमच्या मते ते औषधाच्या बरोबरीचं आहे.

नवरात्रानंतरचा ठिपका

सहाव्या आठवड्यात काळजीचे गुण ११ वर आले होते. नवरात्रात सोसायटीच्या गरब्यात त्या बूट घालून बाहेरच्या फेरीत दोन रात्री खेळल्या. बडोद्यात गरबा अनवाणी खेळतात, बुटांवरून टोमणे झाले, होऊ दिले. दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी पाय धुताना तुकड्याच्या काठाजवळ दोन मिलीमीटरचा काळा ठिपका दिसला. मंगळवार नव्हता, काहीच नव्हतं, नुसता दिसला.

त्यांनी खणातला कागद काढला. फोटो, मोजपट्टी, तारीख. पुढचे दिवस सोपे नव्हते, रेघा पुन्हा दिवसाला सात-आठवर गेल्या. चौदाव्या दिवशी ठिपका होता तसाच, म्हणून वेळ घेतली. त्वचारोगतज्ज्ञांनी डर्मोस्कोपमधून पाहिलं, लालसर-काळे एकसारखे गोळे. १५ नंबरच्या ब्लेडनं वरची निबर कातडी हलकेच खरवडली. कोरड्या रक्ताचा कोंडा पडला, खाली कातडी स्वच्छ. घासण्या-आपटण्यानं कातडीच्या वरच्या थरात रक्त साकळतं, तळव्यावर ते काळं दिसतं. नाचणाऱ्यांत, खेळाडूंत नेहमीचं.

डॉक्टर त्या वेळी काय बोलतात याला फार महत्त्व आहे. 'उगाच घाबरलात' म्हटलं की रुग्ण पुढच्या वेळी यायला लाजतो, आणि पुढची वेळ खरी असू शकते. इथे डॉक्टर म्हणाले, "ठरल्याप्रमाणे थांबलात, ठरल्याप्रमाणे आलात. पुन्हा असं दिसलं तरी हेच करा."

त्याच महिन्यात सहामाही तपासणी होती. तारखेच्या दोन आठवडे आधी गुण १३ वर चढले. जवळजवळ प्रत्येकाचे चढतात. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात मेलानोमा झालेल्यांना एक पुस्तिका आणि सायकॉलॉजिस्टचे तीन फोन दिले गेले, तेही त्वचातपासणीच्या तारखेच्या आगेमागे बसवून, आणि भीती कमी झाली. तेच इथे केलं: आधीच्या आठवड्यात एक फोन, नंतरच्या आठवड्यात एक. सकाळचा पहिला नंबर घेतला म्हणजे दिवसभर ताटकळणं नको. कागदावर तीनच प्रश्न. सोबत मुलगी, कारण यजमान डॉक्टरांसमोर बाईंपेक्षा जास्त घाबरतात. तपासणीत पाय, संपूर्ण कातडी, जांघ आणि गुडघ्यामागच्या गाठी पाहिल्या. काही नाही. रक्त-स्कॅन काही केलं नाही, आणि या वेळी त्यांनी मागितलंही नाही.

सध्या

पौषात गुण ६, झोप सहा तासांच्या वर, रेघा मंगळवारच्याच. फुल्या अजून आठवड्यातून दोन-तीन पडतात, अंघोळ करताना हात जातो. त्यावर फार जोर दिलेला नाही. पुढची पाच वर्षं दर सहा ते बारा महिन्यांनी तपासणी, नंतर वर्षातून एकदा.

मुलीच्या लग्नात मेंदी काढायची की नाही हा शेवटचा प्रश्न होता. तळव्यांवर मेंदी लागली की दोन-तीन आठवडे खालचा रंग कळत नाही. ठरलं असं: लग्नाच्या महिन्यातला मंगळवार मेंदीच्या आधी उरकायचा, फोटो काढून ठेवायचा. हातांना मेंदी, डाव्या पायाला मेंदी, उजव्या पायाला तुकडा सोडून वरच्या बाजूला. केसांचा रंग मिसळलेली काळी मेंदी कुठेच नाही, ती कातडी भाजते. पुढच्या महिन्यात रंग पुरता उतरला नसेल तर तपासणी एक-दोन आठवडे पुढे जाईल, आणि त्यानं काही बिघडत नाही हे सर्जननी लिहून दिलं.

एस्सिटॅलोप्राम लग्नाआधी कमी करायचं नाही, असं मानसोपचारतज्ज्ञांचं मत पडलं. बरं वाटू लागल्यावर किमान सहा महिने चालू, मग काही आठवड्यांत उतरवत बंद. उतरवणं उन्हाळ्यात सुरू होईल, पुढच्या सहामाही तपासणीनंतर, आधी नाही. सायकॉलॉजिस्टच्या भेटी थांबल्या आहेत. अडीअडचणीला रात्री-अपरात्री बोलायला सरकारची टेलिमानस सेवा, १४४१६, मोफत आहे. तो नंबर खणातल्या कागदाच्या मागे लिहिलेला आहे.